बदललेली गाडी आणि तिचा चालक

खेड्यापाड्यांतून हिंडताना एक वाहन आता सगळीकडे दिसते. दिसायला स्कूटर, पण मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक चाक लावलेले. मोजली तर चाके चार भरतात, तरी लोक तिला ‘तीनचाकी’च म्हणतात. बाजाराच्या दिवशी तहसील कचेरीपुढे, बँकेच्या पायरीशी, शाळेच्या फाटकात ती उभी असते आणि तिच्या अंगाला कुबड्या बांधलेल्या असतात. तिच्यावरून येणारा माणूस पुष्कळदा तिशी-चाळिशी ओलांडलेला, लहानपणी पोलिओने पाय गेलेला असा असतो. आपल्या देशात पोलिओच्या साथीचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण त्याआधी ज्या मुलांचे पाय लुळे पडले, ती मुले आज प्रपंचाची माणसे आहेत. त्यांच्या जोडीला अपघातात पाय गमावलेले, झाडावरून पडून कण्याला मार बसलेले, मधुमेहाने पाय कापावा लागलेले असे लोक दरवर्षी येतच असतात.

या माणसांना गाडी कुठे बदलून मिळते, हे बहुतेक गावांत ठाऊक असते. तालुक्याला कोणी तरी वेल्डिंगवाला ते काम करतो, किंवा शहरातून तयार जोड आणून बसवतात. पण अशा एखाद्या गृहस्थाला तुम्ही विचारून पाहा, “दादा, तुम्हाला ही चालवायला शिकवली कोणी?” उत्तर बहुधा एकच येते : “शिकवायचं काय त्यात? आपोआप आली.” ती आपोआप येते कशी, येता येता काय काय होते, आणि ती रीतसर शिकता-शिकवता येईल का, याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

पूर्वी आपण सरसकट अपंग म्हणत असू, आज सरकारी कागदावर दिव्यांग म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरीन. बोलताना जीभ जुन्या वळणाने जाते, तेवढे श्रोत्यांनी चालवून घ्यावे.

गाडीची एवढी गरज काय, असे धडधाकट माणसाला वाटू शकते. एस.टी.च्या तिकिटात सवलत आहेच ना? आहे. पण सवलतीचे कार्ड खिशात असले, तरी एस.टी.ची पहिली पायरी चढावी लागते, आणि ती किती उंच असते हे कुबडी घेतलेल्या माणसाला विचारावे. त्यात फाट्यापासून गाव दोन मैल आत असले, की नोकरी, दवाखाना, बाजार सगळे दुसऱ्याच्या सवडीवर जाते. घरचा कोणी मोकळा असेल तर जायचे, नाही तर बसायचे. स्वतःची गाडी स्वतः चालवता आली, की हा दुसऱ्याच्या सवडीचा भाग सुटतो.

अपंग माणसाने गाडी चालवावी ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचे पाय १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी लुळे पडले. त्यांनी फोर्ड गाडीला हाताने चालवायच्या दांड्या बसवून घेतल्या, आणि पायाने काहीच न दाबता ते स्वतः गाडी हाकत. त्यांची १९३६ सालची तशी गाडी हाइड पार्क गावच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. इंग्लंडची तऱ्हा वेगळी. तिथे १९४८ नंतर सरकारी आरोग्यसेवेतून अपंगांना तीन चाकांची, निळसर रंगाची, एकाच माणसाची गाडी मिळू लागली. गाडी मिळाली ही गोष्ट चांगली, पण तिच्यात दुसऱ्याला बसायला जागाच नाही! म्हणजे नवरा गाडीने, बायको बसने. शिवाय ती गाडी हलकी, आणि अपघातात माणसाला धोक्याची. अखेर २००३ साली त्या गाड्या रस्त्यावरून काढून टाकल्या. तोवर तिकडे १९७७ पासून दुसरी सोय सुरू झालेली होती. आपल्याला मिळणाऱ्या भत्त्यातून अपंग माणूस नेहमीचीच मोटार भाड्याने घेई आणि तिच्यात हवा तो फेरफार करून वापरी.

आपला कायदाही काहीसा याच वाटेने आला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ असा शब्द होता, आणि त्याची व्याख्या अशी, की ती गाडी मुळातच अपंगासाठी बांधलेली हवी, नुसती फेरफार केलेली चालणार नाही. आता अशी खास बांधलेली गाडी आपल्याकडे मिळते कुठे? सगळ्या फेरफार केलेल्याच. २०१९ च्या दुरुस्तीने हा शब्द गेला आणि ‘अडॅप्टेड व्हेइकल’ हा आला. मुळात तशी बांधलेली असो की नंतर जुळवून घेतलेली, दोन्ही त्यात बसतात. जी गोष्ट गावोगावी आधीच चालू होती, तिला कायद्याने उशिरा का होईना नाव दिले.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे येऊ. प्रथम स्कूटर घेतो, कारण आपल्याकडे दहांतल्या नऊ जणांचा प्रश्न तिचाच असणार.

जुन्या गिअरच्या स्कूटरला मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबावा लागे. उजवा पाय लुळा असलेल्याला ती गाडी म्हणजे संकटच. १९८४ च्या सुमारास कायनेटिक होंडा आली, तिला गिअर नाही, आणि पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक हातात. पुढे तशा पुष्कळ गाड्या निघाल्या. पायाचे काम फक्त टेकायचे आणि तोल सांभाळायचे उरले. बाजूला दोन चाके लावली, की तेही काम संपले. इतके सोपे, म्हणून लोक म्हणतात की शिकायचे काय त्यात!

पण हे पाहा. दोन चाकांची गाडी वळताना झुकते. आपण सायकल शिकतो तेव्हा नकळत हेच शिकतो : डावीकडे वळायचे तर अंग आणि गाडी दोन्ही डावीकडे झुकवायची. बाजूला चाके लावली की ती स्कूटर झुकूच शकत नाही. ती आता रिक्षासारखी वागते. वळणावर चालकाचे अंग बाहेरच्या बाजूला फेकले जाते, आतले चाक हलके होते, आणि वेग जास्त असला तर उचलते. ज्याने अपघातापूर्वी दहा वर्षे मोटारसायकल चालवली, त्याला उलट जास्त जपावे लागते, कारण त्याचा हात जुन्या सवयीने गाडी झुकवू पाहतो, गाडी झुकत नाही, आणि त्या घोटाळ्यात वळण चुकते. जो जन्मात सायकलवर बसला नाही, त्याला मोडायला जुनी सवय नसते.

म्हणून पहिला धडा वेगाचा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबायचा नाही. हँडल सावकाश आणि ठामपणे फिरवायचे, आणि कमरेवरचे अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाकायचे. ज्याच्या कमरेत तेवढे बळ नाही, त्याच्या बैठकीला पाठ हवी आणि पट्टा हवा. हे शाळेच्या मैदानावर उत्तम शिकवता येते. गुरुजी, खेळाच्या स्पर्धांसाठी आपण फक्कीने रेघा आखतोच ना? तशीच दोन मोठी वर्तुळे आखावी, एकमेकांना चिकटून, आठाच्या आकड्यासारखी, आणि माणूस चालतो त्या वेगाने त्यावरून गाडी फिरवायला लावावी. दहा वेळा उजवीकडून, दहा वेळा डावीकडून. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते, आणि ती कोणती हे पहिल्याच दिवशी कळते.

दुसरा धडा रुंदीचा. चालकाची नजर पुढच्या चाकावर असते. पुढचे चाक खड्डा चुकवते आणि बाजूचे चाक नेमके त्यात जाते. गाडीची रुंदी आता हँडलाएवढी राहिलेली नाही, हे डोक्याला पटते, हाताला पटायला आठवडा लागतो. दोन विटा अंतरावर मांडून त्यांच्यामधून गाडी काढायला लावावी, आणि रोज अंतर थोडे थोडे कमी करावे. वीट पडली तर काही बिघडत नाही. मोरीचा कठडा मात्र पडत नाही, तिथे चाक घासले की माणूस पडतो.

खड्ड्याची आणखी एक गंमत आहे, म्हणजे ज्याच्यावर येते त्याला गंमत वाटत नाही. बाजूची चाके जर नुसत्या कडक पट्टीवर जोडलेली असतील, तर उंचसखल जागी ती दोन्ही वर टेकतात आणि मधले, म्हणजे इंजिनाचे चाक, खळग्यात अधांतरी राहते. मग रेस कितीही द्या, ते जागच्या जागी फिरते. ओढ्याच्या वाटेवर असे झाले, की येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट बघत बसायचे. म्हणून जोड घेतानाच पाहावे, की बाजूच्या चाकांना स्प्रिंग आहे की नाही. वेल्डिंगवाल्याला हे सांगावे लागते. तो मजबुती पाहतो, चाक खाली-वर होण्याचा विचार करीलच असे नाही.

डांबराच्या कडेविषयीही सांगितले पाहिजे. आपल्या रस्त्यांची साइडपट्टी पुष्कळ ठिकाणी डांबरापेक्षा वीतभर खाली असते. मागून उसाची ट्रॉली हॉर्न देत आली, की नवशिका माणूस घाबरून गाडी कडेला घेतो, डावे चाक खाली उतरते, आणि गाडी कलंडते. शिकणाऱ्याच्या मनावर हे ठसवले पाहिजे, की हॉर्न वाजला म्हणून डांबर सोडायचे नाही. आपला वेग कमी करावा, सरळ चालावे, ज्याला पुढे जायचे त्याने जागा पाहून जावे.

राहिले मागे घेणे. धडधाकट माणूस पायाने रेटून स्कूटर मागे घेतो; याला ते जमत नाही. काही गाड्यांना हल्ली मागे जाण्याचा गिअर बसवतात, पण सगळ्यांना नसतो. तेव्हा थांबतानाच तोंड रस्त्याकडे करून थांबायचे, उतारावर नाक खाली करून थांबायचे नाही. एवढीशी ही शिस्त, पण तिने दिवसातून चार वेळा कोणाला तरी हाक मारायची वेळ टळते.

आता मोटारगाडी. मोटारीचे शिक्षण जरा महागाचे, पण पूर्वीइतके दूरचे राहिलेले नाही. आपल्याकडच्या लहान मोटारींत क्लच नसलेले, स्वस्तातले ऑटो गिअर २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने आणले. क्लच गेला म्हणजे डाव्या पायाचे काम गेले. ज्याचा डावा पाय अधू आणि उजवा चांगला, त्याची गाडी फारसा फेरफार न करताच चालू झाली.

ज्याचे दोन्ही पाय गेले, त्याच्यासाठी हाताचा दांडा बसवतात. स्टिअरिंगच्या बुंध्याशी हा दांडा असतो. तो पुढे ढकलला की ब्रेक लागतो, आणि आपल्याकडे ओढला किंवा खाली दाबला की रेस मिळते. ब्रेक पुढे ढकलण्यावरच का ठेवला? तर गाडी एकदम थांबली की अंग पुढे जाते. अंगाबरोबर हात पुढे गेला तर ब्रेक आणखी घट्ट बसावा, रेस वाढू नये. कोण्या शहाण्या माणसाने केलेली ही योजना आहे. एक हात दांड्यावर अडकला म्हणजे स्टिअरिंगला एकच उरतो, म्हणून चाकाला एक फिरती मूठ बसवतात, तिने एका हाताने पूर्ण वळण घेता येते. गाडीला पॉवर स्टिअरिंग मात्र हवेच.

मग चढावर गाडी उभी करून पुन्हा सुरू करायची कशी? हाच खरा परीक्षेचा प्रश्न आहे. एक हात स्टिअरिंगवर, एक दांड्यावर, आणि हँडब्रेक सोडायला तिसरा हात आणायचा कुठून! दांड्यावर ब्रेक धरून ठेवायचा, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग सोडून हँडब्रेक काढायचा, तो हात पुन्हा चाकावर आणायचा, आणि मगच दांडा ब्रेकवरून रेसकडे न्यायचा. त्या एका क्षणात गाडी वीतभर मागे सरकते. सरकणार हे माहीत असले म्हणजे माणूस घाबरत नाही. माहीत नसले तर घाबरून रेस जास्त देतो. काही गाड्यांत चढावर क्षणभर ब्रेक धरून ठेवणारी व्यवस्था असते. गाडी घेताना ती आहे का, हे रंग पाहण्याआधी पाहावे. घाटात जायच्या आधी हा सराव गावाजवळच्या साध्या चढावर, मागे कोणी नसताना, पन्नास वेळा तरी झाला पाहिजे.

ज्याचा उजवा पाय कापलेला आहे आणि कृत्रिम पाय लावलेला आहे, त्याची अडचण वेगळी. लाकडी किंवा रबरी पायाला पेडल किती दाबले हे कळत नाही. त्याच्यासाठी रेसचे पेडल ब्रेकच्या डाव्या बाजूला बसवतात, म्हणजे डाव्या पायाने दोन्ही कामे होतात. आणि उजवीकडच्या जुन्या पेडलावर झाकण बसवतात. पण वीस वर्षे उजव्या पायाने गाडी चालवलेला माणूस, समोर म्हैस आडवी आली की क्षणभर जुन्याच तऱ्हेने वागतो. ताशी छत्तीस किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला दहा मीटर जाते, म्हणजे जवळजवळ एका एस.टी. बसच्या लांबीएवढी. पाय एक सेकंद चुकला तर ब्रेक लागण्यापूर्वीच एवढे अंतर सरले. म्हणून या माणसांना नवशिक्यासारखेच, पहिल्यापासून शिकवावे लागते, आणि अचानक थांबण्याचा सराव सगळ्यात जास्त द्यावा लागतो. मोकळ्या मैदानात शिकवणाऱ्याने हात वर केला की थांब, पुन्हा हात की पुन्हा थांब. ‘मला गाडी येते’ असे म्हणणारा विद्यार्थीच इथे कठीण असतो. आणि हीच गाडी घरातला मुलगाही चालवत असेल, तर बसल्याबरोबर पहिली गोष्ट खाली वाकून पाहायची : झाकण कोणत्या पेडलावर आहे?

कण्याला मार बसून कमरेखाली संवेदना गेलेल्यांची काळजी आणखी निराळी. सायलेन्सरला पाय टेकला तरी त्यांना चटका कळत नाही, पाऊल भाजते आणि रात्री घरी गेल्यावर दिसते. सलग बसून राहिले की बैठकीच्या जागी जखम होते, आणि ती महिनो न् महिने भरत नाही. तेव्हा जाड बूट, बैठकीला चांगली उशी, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी गाडी थांबवून हातांवर भार घेऊन अंग क्षणभर उचलायचे, हाही त्यांच्या गाडी शिकण्याचाच भाग आहे. सिव्हिल हॉस्पिटलातले फिजिओथेरपीचे लोक आणि व्यवसायोपचारवाले लोक हे नीट समजावून देतात. गाडी घेण्याआधी एकदा त्यांच्याकडे जाऊन हाताची ताकद, बसण्याचा तोल, नजर, मान वळते किती, हे सगळे पाहून घ्यावे. काय बसवायचे ते त्यावर ठरते. आपल्याकडे उलट होते. शेजारच्या गावच्याने जे बसवले तेच आपणही बसवतो.

इथे एक प्रश्न उभा राहतो, की गाडी कोणी चालवावी आणि कोणी नाही, हे ठरवायचे कशावरून? पुष्कळांना वाटते, दिव्यांगाच्या दाखल्यावर टक्के लिहिलेले असतात, त्यावरून. ते बरोबर नाही. चाळीस टक्के, साठ टक्के, ऐंशी टक्के हे आकडे सवलती आणि योजनांसाठी आहेत. दोन्ही पायांत बळ नसलेला ऐंशी टक्केवाला हाताच्या दांड्याने सुरेख गाडी चालवील, आणि कमी टक्क्यांचा एखादा चालवू शकणार नाही. केरळातल्या जिलुमोल मॅरिएट थॉमस यांना जन्मापासून दोन्ही हात नाहीत. त्या पायांनी गाडी चालवतात. त्यांना आधी नकारच मिळाला. मग त्या राज्याच्या दिव्यांग आयोगाने लक्ष घातले, गाडीत फेरफार झाला, परीक्षा झाली, आणि २०२३ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती, की पायी म्हणू, लायसन पडले. त्याआधी २०१६ साली इंदूरच्या विक्रम अग्निहोत्री यांनी तसेच लायसन मिळवले होते. अशा बातम्या आपण अचंब्याने वाचतो आणि विसरतो. मला त्यांतले महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की शेवटी निर्णय माणसाकडे बघून झाला नाही, त्याला त्याच्या गाडीत बसवून झाला.

बहिऱ्या माणसांचेही असेच. ऐकू येत नाही म्हणून वर्षानुवर्षे त्यांना लायसन नाकारत. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की परीक्षेला बसू द्या, उत्तीर्ण झाला तर लायसन द्या. आणि २०१६ साली केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना तसे कळवले. गाडी मुख्यतः डोळ्यांनी चालवायची असते, हा त्यामागचा विचार. त्यांच्या शिक्षणात आरशांना फार महत्त्व. आणि शिकवणाऱ्याने गाडी चालू असताना हातवारे करून बोलायचे नाही. आधी थांबायचे, मग सांगायचे, कारण विद्यार्थ्याची नजर एकाच वेळी रस्त्यावर आणि तुमच्या हातांवर राहू शकत नाही.

पण प्रत्येक नकार अन्यायाचाच असतो असेही समजू नये. फेपरे येणाऱ्या, किंवा एकाएकी शुद्ध हरपणाऱ्या माणसाने लपवून गाडी चालवणे म्हणजे आपल्याबरोबर दुसऱ्याचाही जीव टांगणीला लावणे आहे. आणि सगळ्यांत फसवा असतो तो लकव्यातून उठलेला माणूस. हात-पाय पुन्हा चालू लागतात, बोलणे सुधारते, घरचे म्हणतात आता काही राहिले नाही. पण काहींचे एका बाजूचे लक्षच गेलेले असते. ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहते, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा घासतो, आणि त्याला स्वतःला याचा पत्ताही नसतो. असा माणूस रस्त्याच्या त्या बाजूची सायकल पाहणार नाही. तेव्हा लकव्यानंतर डॉक्टरने नजर आणि लक्ष दोन्ही तपासल्याशिवाय किल्ली हातात द्यायची नाही, मग घरात रुसवा झाला तरी चालेल.

आता शिकवणार कोण? बहुतेक ड्रायव्हिंग स्कूलांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा क्लच-ब्रेक असतो, हाताचा दांडा नसतो. त्यामुळे ते सांगतात, आमच्याकडे सोय नाही. आणि लायसनच्या परीक्षेला ज्या प्रकारची गाडी तशी गाडी अर्जदारानेच आणायची असते. म्हणजे शिकायला स्वतःची गाडी हवी, आणि शिकता येईल की नाही हे ठरण्यापूर्वीच गाडीत पैसे घालायचे. हा तिढा खरा आहे. एका माणसाने तो सुटत नाही, चार जणांनी सुटू शकतो. तालुक्यात एक गाडी दांडा बसवून ठेवली तर तिच्यावर वर्षात कितीतरी माणसे शिकतील. दिव्यांगांच्या हक्कांचा जो २०१६ चा कायदा आहे, त्याच्या एकेचाळिसाव्या कलमात सरकारने गाड्यांत फेरफार करण्यासाठी आणि स्वतःच्या हिंडण्याफिरण्यासाठी परवडणाऱ्या योजना आखाव्या असे म्हटले आहे. शिवाय आपल्या ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ते पुष्कळ ठिकाणी वर्षअखेरीला थोडे थोडे वाटून टाकतात. ग्रामसभेत कोणी उठून विचारायला हरकत नाही, की यातून चार गावांनी मिळून शिकायची एखादी गाडी होईल का?

स्कूटर शिकवायला तर शाळाही लागत नाही. ज्याच्याजवळ लायसन आहे, ज्याला रस्त्याची समज आहे आणि जो ओरडत नाही, असा माणूस पुरतो. त्याने दोन गोष्टी पाळाव्या. शिकणाऱ्याच्या हँडलाला न सांगता हात घालू नये. आणि पहिले काही दिवस मागे कोणालाही बसवू नये, कारण मागच्याच्या वजनाने वळणाचा हिशेब बदलतो. सकाळी हात लवकर दमतात का, संध्याकाळी जास्त कापतात का, हे शिकणाऱ्याला विचारावे आणि तशी वेळ ठरवावी.

आपल्या भगिनींविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. बाजूच्या चाकांच्या गाड्यांवर बाई क्वचितच दिसते. मुलाला गाडी घेऊन देतात, मुलीला म्हणतात, तुला जायचंय कुठे? ती बालवाडीत शिकवते, शिवणाच्या क्लासला जाते, तिला जायचे असतेच. भाऊ नेईल तेव्हा जाते इतकेच. शाळेतल्या बाईंनी अशा एखाद्या मुलीच्या आईशी बसून बोलावे. बाहेरच्या भाषणापेक्षा त्याचा उपयोग होतो.

शेवटी कागदपत्रांचे सांगतो, कारण इथेच लोक कंटाळतात. गाडीत फेरफार करण्याआधी आर.टी.ओ.ची मंजुरी घ्यायची असते, आणि नंतर तो फेरफार आर.सी. बुकावर चढवायचा असतो. विमा कंपनीलाही कळवावे. हे केले नाही, किंवा लायसनच काढले नाही, तर एरवी कोणी विचारत नाही. अपघात झाला की मात्र विम्याचे पैसे अडतात, आणि दुसऱ्याला लागले असेल तर भरपाई घरावर येते. आधी शिकाऊ लायसन. ते सहा महिने चालते, आणि निदान तीस दिवस झाल्यावर पक्क्याची परीक्षा देता येते. अर्जात विचारतात, हात किंवा पाय गमावला आहे का, त्यांच्या हालचालीत दोष आहे का. तिथे खरे तेच लिहावे. लपवून साधे लायसन काढले तर ते त्या बदललेल्या गाडीला लागू पडत नाही. लायसन कोणत्या प्रकारच्या गाडीचे, हे अर्ज भरतानाच नीट लिहिलेले आहे ना, तेवढे गुरुजींनी किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाने वाचून पाहावे.

आणि खिडकीवर कोणी नुसते बघून म्हणाले, “तुम्हाला नाही मिळणार,” तर परत फिरू नये. लायसन नाकारायचे असेल तर कारणासह लेखी आदेश द्यावा लागतो, असे कायद्याचे सतरावे कलम सांगते. तो कागद मागून घ्यावा. तो हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपिलाबरोबर डॉक्टरचा दाखला आणि गाडीत काय बदल केला आहे त्याची माहिती जोडावी, आणि परीक्षा माझ्याच गाडीवर घ्या, असे स्पष्ट लिहावे.